लाल बटणावरचा अंगठा

मंगळवार, नोएडा

आज मुक्तानं फोन उचलला. लेक जर्मनीला गेल्यापासून मी माझ्या साध्या फोनवरून तिला रिंग देतो, पण अंगठा लाल बटणावर ठेवूनच. जरा जास्त वाजलं की व्हॉइसमेलवाली बाई उचलते, आणि कुणाशी न बोलताच परदेशी कॉलचे पैसे जातात. ते का द्यायचे? म्हणून मी आधीच कट करायचो. सवड मिळाली की मुक्ता उलटा फोन करायची.

शिवानीनं, आमच्या सुनेनं, हे पाहिलं असणार. मला वाटायचं, तिचं लक्ष कायम ऑफिसच्या कॉलवर. संध्याकाळी चहा ठेवत म्हणाली, "पापाजी, दीदी से कहके व्हॉइसमेल बंद करवा दिया. अब बजने दो."

वाजू दिलं. अंगठा सवयीनं लाल बटणावर गेलाच, तो उचलून बाजूला घेतला. बराच वेळ वाजलं. मग मुक्ता, धापा टाकत.

"बाबा, आज कट नाही केलात? दरवेळी मी धावत येते आणि तुम्ही ठेवून देता."

म्हणजे माझ्या प्रत्येक रिंगला ती धावत होती. हे मला कधी सुचलं कसं नाही?

शिवानीला काहीतरी नीट म्हणायला हवं होतं. 'चहा फार छान झालाय' एवढंच म्हणालो. ती कपाकडे बघून हसली. मी अजून एक घोटही घेतला नव्हता.