एव्हरीवनमध्ये कोण कोण?

६ ऑक्टोबर, सोमवार
मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, आज म्हणाल्या की सहामाही झाली की कॉम्प्युटर लॅबचा इन्चार्ज रीतसर नेमायचा. चावी, दारावर पाटी, सगळं. नेमणार मलाच. शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हापासून लॅब मीच बघतो. चपला बाहेर काढायच्या आणि 'येऊ का?' विचारून आत यायचं, हा नियमही माझाच. पाटीसाठी फॉन्ट निवडून ठेवला.

जाता जाता म्हणाल्या, हितेश सरांचाही विचार करू. विज्ञानाचे हितेश सर. जूनमध्ये आलेत. कागदाच्या दोन्ही बाजूंना प्रिंट काढून दाखवली तर अख्खी स्टाफरूम त्यांच्यावर फिदा. ते बटण मलाही माहीत होतं. कधी दाबलं नव्हतं, इतकंच.

७ ऑक्टोबर, मंगळवार
मराठीच्या माधवी मॅडम प्रश्नपत्रिका घेऊन आल्या. मी खुर्ची पुढे केली. त्या म्हणाल्या, हितेश सर कुठेत? इतकी वर्षं ह्या बाईच्या प्रश्नपत्रिका मी काढल्या, काना-मात्रा सुधारून. त्याचं हे फळ.

मी जळत नाही. जळण्यासारखं त्या माणसात आहे काय? केस सोडले तर काही नाही.

ठराव: ह्यापुढे प्रिंटर कोणी वापरायचा ते मी ठरवणार.

त्याच दिवशी, शाळा सुटल्यावर
लॅबचे सगळे कॉम्प्युटर एकाच प्रिंटरला जोडलेत. त्याची परमिशनची खिडकी उघडली. वर 'एव्हरीवन', खाली मी, अ‍ॅडमिन. प्रत्येकापुढे अलाऊ आणि डिनाय असे दोन चौकोन. मला अलाऊ होतंच. एव्हरीवनच्या डिनायवर टिक मारली. कॉम्प्युटर विचारतो, नक्की का? डिनाय अलाऊपेक्षा वरचढ असतो. असले प्रश्न नवख्यांसाठी असतात. एव्हरीवन म्हणजे बाकीचे सगळे. यस दाबलं. बरं वाटलं.

८ ऑक्टोबर, बुधवार
हितेश सरांची प्रिंट निघेना! दुपारचा डबा पोटभर जेवलो.

मला म्हणाले, सर, जरा बघता का? मोठ्या मॅडम उभ्याच होत्या. मी सांगितलं, बाजूच्या यंत्रमाग कारखान्याची रुई खिडकीतून रोलरमध्ये गेलीय, नाजूक काम आहे, माझ्याशिवाय कोणी हात लावू नये. मॅडमनी लगेच खिडक्या बंद करून घेतल्या. दिवसभर लॅबमध्ये उकडून जीव गेला. पण विसंबल्या माझ्यावरच.

शुक्रवारी परीक्षा सुरू. उद्या सगळ्यांच्या प्रश्नपत्रिका मी एकटा काढणार. माधवी मॅडमना थोडं थांबवायचं.

९ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी
माझीही प्रिंट निघेना. 'अ‍ॅक्सेस डिनाइड' म्हणतोय. मला?

दुपारी
प्रिंटर बंद-चालू केला. केबल काढून लावली. दसऱ्याला ह्याला हळदकुंकू मी वाहिलं, झेंडूचा हार अजून गळ्यात आहे, तरी ओळख दाखवत नाही. मेला हितेश सरांना फितूर झालाय.

संध्याकाळी
पेनड्राइव्ह घेऊन पलीकडच्या राहनाळ गावातल्या प्रिंटच्या दुकानात गेलो. शाळेजवळच्या दुकानात पेपर फुटायची भीती. इथे गोडाऊनवाल्यांची मालाची चलानं छापतात, प्रश्नपत्रिका कोण बघतो? दुकानदार म्हणाला, "मास्टरजी, स्कूल का प्रिंटर बिक गया क्या?" मी लक्ष दिलं नाही. त्याच्याकडे आमचा मराठी फॉन्ट नव्हता. माधवी मॅडमची प्रश्नपत्रिका नुसते चौकोन होऊन बाहेर आली.

जेवण गेलं नाही. बायको, कमळ, विचारायला लागली, तो हितेश काय बोलला का? मी म्हटलं, प्रिंटरमध्ये रुई अडकलीय. ती म्हणाली, "रुई न्हाय, जळका वास येतोय."

१० ऑक्टोबर, शुक्रवार
पहिलाच पेपर मराठीचा. पोरं बाकांवर, प्रश्नपत्रिका नाही. शेवटी मोठ्या मॅडमनी हितेश सरांना बोलावलं. त्यांनी आधी लॅबची खिडकी उघडली, मग परमिशनची. टिक पाहून थांबले. मागे मॅडम, माधवी मॅडम, शिपाई, सगळे.

फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "सर, एव्हरीवनमध्ये आपणही येतो."

टिक काढली. प्रिंटर सुरू. मॅडमना त्यांनी सांगितलं, रुईच होती, सर बरोबर बोलत होते.

माझ्यासाठी खोटं बोलला. आता त्याचा धड रागही करता येत नाही. म्हणजे चांगुलपणातही हाच पुढे! हो, जळतो मी. काल जळत होतो त्याच्या दुप्पट.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
सहामाही संपली. स्टाफच्या ग्रुपवर मोठ्या मॅडमचा मेसेज: एव्हरीवनने नोंद घ्यावी, लॅबचे इन्चार्ज हितेश सर. सगळ्यांनी अंगठे टाकले. ह्या वेळी एव्हरीवनचा अर्थ लगेच कळला. मीही अंगठा टाकला.

दुपारी निकालपत्रकाची प्रिंट हवी होती. दारावर पाटी लागलीय, फॉन्ट मी निवडलेला. चपला बाहेर काढल्या आणि विचारलं, "येऊ का?"