एक्झोरा आणि उकार

गंगापूर रोड, नाशिक
रविवार, २४ ऑक्टोबर १९९९

चि. तेजलला पप्पांचे आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. तुझं कॉलेज, मेसचं जेवण, सगळं आईकडून कळतं. अक्षर बघून दचकू नकोस, माझंच आहे. ऑगस्टमध्ये उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर होतं, रोजनिशीसुद्धा बंद होती. तुला सांगू नको असं आईला मीच बजावलं. कारण दिलं तुझ्या परीक्षेचं. खरं म्हणजे, कळूनही तू मला फोनवर बोलावलं नसतंस तर, याची भीती वाटली.

पडलो तुझ्या एक्झोऱ्यापाशी. पावसाने त्याचे शेंडे बोटभर वाढले होते. ते कापताना फाटकाजवळच्या शेवाळावरून पाय घसरला. आई धावत आली. मी धड बोलतोय एवढं बघून म्हणाली, "बरं झालं. हात मोडला ते नाही हो, कात्री सुटली ते."

दहावीच्या निकालादिवशी तू ते रोप काळ्या पिशवीतून आणलंस, तेव्हापासून त्याची छाटणी मी कधी चुकवली नाही. दिंडोरीला आपल्या द्राक्षबागेत लहानपणापासून एकच ऐकलं होतं, छाटल्याशिवाय घड नाही. म्हणून एक रविवार सोडून एक, त्याला चेंडूसारखा गोल करायचो. तू विचारायचीस, "पप्पा, हा एक्झोरा आहे की हजामत करून आलेला शेजारचा बंटी?" मी हसायचो आणि उरलेली बाजू कापायचो. चार वर्षांत एक फूल नाही. मी नर्सरीवाल्याला दोष दिला.

पानं पिवळी पडत होती, त्यासाठी आई तू सांगितलेलं पातळ ताक मुळाशी घालत राहिली. मी मात्र हात गळ्यात बांधून नुसता बघत बसायचो. दसऱ्याच्या सुमारास प्रत्येक शेंड्यावर बारीक लाल टोकांचे झुबके दिसले. एक्झोरा शेंड्यावरच फुलतो, तेजल. मी दर वेळी नेमकं तेच कापत होतो. आता झाड वेडंवाकडं आहे, अर्धं फाटकावर झुकलंय, आणि लालभडक आहे.

गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. आई म्हणाली, "पप्पांना देऊ?" तुझं उत्तर मला ऐकू आलं. "नको, मागे रांग आहे." मग आईने सांगितलं, दिवाळीला तू तुझ्या खोलीतल्या स्नेहलबरोबर तिच्या घरी, सोलापूरला जाणार आहेस. मी म्हणालो, जाऊ दे, नवं गाव बघेल.

तसं मला म्हणायचं नव्हतं.

जुलैत तुझं पत्र आलं होतं. मी ते लाल शाईने तपासून परत पाठवलं. वीस वर्षं मराठी शिकवतोय, हाताला सवय आहे, असं आईला सांगून बघितलं. तू लिहिलं होतंस, 'मला इथे करमत नाही, रोज रात्री रडु येतं.' मी 'रडु'भोवती गोल केला आणि समासात लिहिलं, शब्दाच्या शेवटी उकार दीर्घ. खाली शेरा दिला, अक्षर सुधारले आहे.

लेक रडतेय हे मला दिसलं नव्हतं का? याचं उत्तर बरेच दिवस शोधतोय. दिसलं असणार. पण रडण्यावर काय लिहायचं ते सुचेना, उकारावर लिहिता येत होतं.

त्यानंतर तुझं पत्र नाही.

तू सोलापूरला जायचं ठरवलं असशील तर जा, मी आईलाही आग्रह करू देणार नाही. पण पहाटेच्या अंघोळीला घरी असावीस असं मला वाटतं. हे फोनवर बोलायला हवं होतं, तेव्हा बोललो नाही. फाटक उघडताना फांदी अंगाला लागेल, ती तशीच ठेवली आहे. कात्री मी दिंडोरीला तुझ्या धनराजकाकाकडे देऊन आलो. त्याच्या द्राक्षांना ती लागते.

आज सकाळी, तू लहानपणी दुसऱ्यांच्या अंगणातली चोखायचीस तसं, एक फूल उपटून त्याच्या देठातला मध चोखून बघितला. थेंबभर असतो. तिथेच उभ्या उभ्या मलाही रडु आलं.

हे पत्र मी तपासलेलं नाही.

तुझा,
पप्पा