बिनरागाचे साठ दिवस

१ जानेवारी २०२५, सकाळी ६.१०
नवीन वही. फक्त माझ्यासाठी. संकल्प: आजपासून साठ दिवस राग नाही. कोणावरच नाही. मुळात माझा स्वभाव शांतच, पण लोक राहू देत नाहीत. साठ दिवस झाले की चुडाव्याला जायचं आणि वैष्णवीला घरी आणायचं. पोरगी दिवाळीपासून मामाकडे आहे. अभ्यासासाठी. चुडाव्याहून नांदेडचं कॉलेज जवळ पडतं. पाडव्याच्या दिवशी घरातला टीव्ही पडला, त्याचा आणि तिच्या जाण्याचा काही संबंध नाही. टीव्ही आपोआप पडला. मी फक्त जवळ उभा होतो.

सकाळी ७.३०
गरम पाणी येईना. नळाचं हँडल हातात आलं. हल्ली मालच हलका येतो.

५ जानेवारी, रविवार
ब्लॉगची बैठक, मानवतला कावेरीबाईंकडे. ‘चौघांचं अंगण’ हा आम्हा चौघांचा मिळून एक ब्लॉग. शाळेतल्या कावेरीबाई, पोस्टातून रिटायर झालेले सटवाजीराव, सोनपेठचा उद्धव (एसटीत कंडक्टर, माझा वीस वर्षांचा दोस्त) आणि मी. दर मंगळवारी एकाची पाळी. रोजचं साधंसुधं लिहायचं. चहा, भाजी, शेजारी, गुडघे. खाली नाव टाकायचं नाही, हा कावेरीबाईंचा नियम. नाव नसलं की माणूस खरं लिहितो म्हणे. पाळी कोणाची, ते फक्त आम्हा चौघांना माहीत. एकाने लिहिलं की बाकी तिघांनी चोवीस तासांत आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रतिक्रिया द्यायचीच.

वाचक रोजचे अकरा ते चौदा. त्यात चार आम्हीच. वैष्णवीपण वाचते, असं राजेश्री म्हणाली. बायको असून ती स्वतः वाचत नाही. तिला वेळ नसतो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणाच्या तरी घरी जमायचं. आमच्या घरी अजून एकदाही बैठक झाली नाही. परभणी सगळ्यांना मध्ये पडते, तरी. विचारलं तर सटवाजीराव म्हणाले, बघू, उन्हाळ्यात बघू.

मी ‘रागाचं व्यवस्थापन’ यावर सहा पानं वाचली. तिसऱ्या पानाला उद्धव पेंगायला लागला. त्याच्या पायावर पाय ठेवला. जागं करायला. जरा जोरात पडला असेल. मी निघेपर्यंत लंगडत होता. नाटकी.

७ जानेवारी, मंगळवार
माझी पाळी. ‘शांत माणसाची सकाळ’ टाकलं. कावेरीबाईंनी दोन ओळी लिहिल्या. सटवाजीरावांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. उद्धवने लिहिलं, छान. बस. एक शब्द! रात्रभर जागून लिहावं आणि या माणसाने तिकीट फाडल्यासारखं छान म्हणावं.

उशी झटकली. फाटली. हॉलभर कापूस. राजेश्री गोळा करत होती. ती हल्ली फार शांत असते. माझा परिणाम.

१४ जानेवारी, संक्रांत
ऑफिसात शिपाई बालाजीने तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाला. मी गोडच बोलत होतो. पण प्रिन्सिपॉलसाहेबांची फाईल त्याने उलटी लावली होती. हातातली पंचिंग मशीन निसटली आणि कपाटाच्या काचेवर गेली. बालाजीचा कान थोडक्यात वाचला. म्हणाला, सायेब, निसटलेलं खाली पडत असतंय, आडवं जात न्हाई.

माणूस अडाणी आहे. काचेचे तुकडे उचलताना त्याचं बोट कापलं. माझा रुमाल दिला. म्हणजे बघा, राग असता तर रुमाल दिला असता का?

२२ जानेवारी
शेजाऱ्याची स्कूटी पुन्हा गेटसमोर. लाथ घातली. फक्त बाजूला सरकवण्यासाठी. स्कूटीला ओरखडा नाही. माझ्या अंगठ्याच्या हाडाला चीर. डॉक्टरने विचारलं, कशाने लागलं. ध्यान करताना, असं सांगितलं. तीन आठवडे पट्टी.

एकूण संकल्प चांगला चाललाय.

२८ जानेवारी, मंगळवार, सकाळी ७.००
उद्धवची पाळी. त्याने ‘त्या घरातला माणूस’ म्हणून टाकलंय. अकरा वेळा वाचलं. अंगाची लाही लाही.

लिहिलंय की एक माणूस आहे. त्याच्या चपलेचा आवाज आला की घरातली माणसं हळू बोलायला लागतात. घरात फुटकं काही दिसलं तर पाहुणे विचारत नाहीत, सगळ्यांना माहीत असतं. आणि त्याचं लेकरू दुसऱ्या गावाला राहतं. तो सगळ्यांना सांगतो, अभ्यासासाठी गेलंय. शेवटी लिहिलंय: त्या माणसाला कळतं सगळं. पण कळतं, हे कोणाला सांगायची त्याला लाज वाटते.

हे माझ्यावर आहे. शंभर टक्के. वीस वर्षं याला घरचा समजलो, आणि याने माझं घर चव्हाट्यावर मांडलं!

सकाळी ७.४०
राजेश्रीला मोबाईल दाखवला. तूच सांगितलंस त्याला, म्हणालो. तिने सगळं वाचलं. सावकाश. मग विचारलं, तुमचं नाव हाय का ह्याच्यात? मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, मग तुमी वळखलं कसं?

ताट कसं उडालं कळलं नाही. वरणाचा डाग छतापर्यंत गेलाय.

सकाळी ८.१५
नियम म्हणजे नियम. प्रतिक्रिया दिली: छान.

३१ जानेवारी
निर्णय पक्का. उद्धवला मारायचं. रागाने नाही, तत्त्व म्हणून. रविवारची बैठक सोनपेठला त्याच्याच भावाच्या शेतात आहे, हुरड्याची. चालून आलेली संधी. एकच थोबाडीत. उजव्या हाताने. आधी वाक्य: मित्राच्या घरात डोकावणाऱ्याची ही किंमत. मग थोबाडीत. मग निघून यायचं. हुरडा खायचा नाही.

गादी भिंतीला उभी करून सराव केला. वीस वेळा. मनगट दुखतंय, पण तंत्र बसलं.

२ फेब्रुवारी, रविवार, सायंकाळी ७.३०
उजवा हात भाजलाय. डाव्याने लिहितोय. थोडक्यात.

सोनपेठला दहाला पोचलो. आगटी पेटलेली, गोवऱ्या-लाकडांचा लालबुंद विस्तव, त्यात कणसं. उद्धव हुरडा चोळत बसलेला. बघितल्याबरोबर म्हणाला, या योगीराज, तुमच्यासाठी कवळी कणसं काढून ठिवलीत. मी वाक्य विसरलो. सरळ थोबाडीत मारली.

पुढचं ठरल्याप्रमाणे झालं नाही. मला वाटलं होतं तो गाल धरून बसेल. तो उठला. त्याने माझी कॉलर धरली आणि मला ज्वारीत फेकलं. मी त्याच्या पोटात डोकं घातलं. त्याने माझ्या तोंडावर कोपर मारलं. समोरचा दात गेला. मी त्याच्या ओठावर बुक्की मारली. ओठ फाटला, रक्ताची धार. दोघं लोळत आगटीपर्यंत गेलो, माझा हात विस्तवात, त्याची बंडी पेटली. त्याने विस्तवातलं लाकूड उचललं. डोळे असे होते की क्षणभर वाटलं हा मला जिवे मारतो. सटवाजीराव लांबून ओरडत होते, आधी चर्चा करा, चर्चा करा. कावेरीबाईंनी पाण्याची घागर उचलून दोघांवर ओतली, आणि रिकामी झाल्यावर दोघांच्या पाठीत एकेकदा घातली. माझ्या जास्त जोरात.

उद्धव चिखलात बसला. हातातलं लाकूड बघितलं आणि टाकून दिलं. विचारलं, काऊन मारलंस रं मला? मी सांगितलं. तर तो हसायला लागला, फाटक्या ओठाने. म्हणाला, तुझ्यावर? आरं येड्या, म्या माझं लिवलंय ते. माझा पोरगा पियुष दोन वरसं झालं घरी आला न्हाई. पुण्याहून मायला फोन करतो, मी घेतला की ठिवून देतो. मग तो रडला. कंडक्टर माणूस, ढसढसा.

खोटं बोलतोय. स्वतःचं असं कोण लिहितं?

राजेश्रीला सांगितलं, एसटीच्या पायरीवरून पडलो.

३ फेब्रुवारी
ग्रुपमधून काढलं. ब्लॉगचा पासवर्ड बदललाय. कावेरीबाईंचा मेसेज: उद्धवरावांच्या ओठाला चार टाके पडले आहेत, आपण पुन्हा बैठकीस येऊ नये. ‘आपण’ लिहिलंय. राजेश्रीला हे सांगायची गरज नाही.

मोबाईल फेकणार होतो. डाव्या हाताने नेम बसत नाही.

८ फेब्रुवारी
साठ दिवसांची वाट बघण्यात अर्थ नाही. एकोणचाळीस म्हणजे जवळजवळ साठच. उद्या चुडाव्याला जातो. वैष्णवीला घेऊन येतो. घर भरलं की बाकीची माणसं लागतात कशाला.

९ फेब्रुवारी, रविवार, दुपारी २.००
चुडाव्याला मेहुण्याच्या घरी आहे. हे पोरगी आत गेली म्हणून लिहितोय. बातमी उत्तम! दारातच तिची बॅग भरून ठेवलेली. मी काही बोलायच्या आधीच. आत चहा करायलीय. म्हणाली, पप्पा, हाताला काय झालं? आवाजात किती माया. मी म्हणत होतोच, अभ्यासासाठीच गेली होती.

संध्याकाळी ५.३०, पॅसेंजरमध्ये
एकटा.

काय झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे चूक कोणाची ते स्पष्ट राहील.

चहा घेऊन ती समोर बसली. म्हणाली, पप्पा, तुमी त्या मंगळवारी लिवलेलं म्या वाचलं. त्या घरातल्या माणसाचं. लय वेळा वाचलं. मामीला पण वाचून दाखवलं. वाटलं, पप्पाला कळायलंय. त्याच दिवशी बॅग काढली वरून.

खाली नाव नसतं. तिला वाटलं, मी लिहिलं.

इथे मी गप्प बसायला पाहिजे होतं. नुसतं गप्प. कप तोंडाला लावून बसायचं, एवढंच काम होतं. पण खोटं माझ्याच्याने सहन होत नाही. मी म्हणालो, मी? मी असलं लिहीन? ते त्या उद्धवने लिहिलंय, आणि त्यासाठी त्याचा ओठ फाडून आलोय मी, हे बघ, हा हात त्यातच भाजलाय.

तिने हाताकडे बघितलं. मग विचारलं, काकाला लय लागलं का?

मग उठली आणि बॅग उचलून आत घेऊन गेली.

कप भिंतीवर कोणी मारला हा मुद्दा नाही. चहा गरम होता, कोणाच्या अंगावर उडाला नाही. मेहुणा महारुद्र दारात येऊन उभा राहिला, सहा फुटी माणूस. पोरीने फडकं आणलं आणि खाली बसून भिंत पुसली. पुसायची तिला सवय दिसली. कुठे पाय ठेवू नये, तुकडे कुठपर्यंत जातात, सगळं माहीत.

मी विचारलं, मग घरी कधी येणार? ती पुसता पुसता म्हणाली, घरी तर येतेच की मी, पप्पा. पहिल्या रविवारी. तुमी बैठकीला गेल्यावर. आई भाकरी करून ठिवती. तुमी यायच्या आत पॅसेंजर धरते.

डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. तीन वेळा.

शेवटी म्हणाली, निघा आता, पाचची गाडी हाय.

१६ फेब्रुवारी
उद्धवला फोन केला. माफी मागायला नाही, चौकशीला. पियुषचं विचारलं. म्हणाला, त्यानं ते वाचलं म्हणं, मायला बोलला. आला न्हाई अजून. पण फोन ठिवून न्हाई दिला ह्या वेळंला.

मी म्हणालो, छान. 

२५ फेब्रुवारी
राजेश्रीने भांडी घासता घासता विचारलं, पाठ माझ्याकडे करून, दोन तारखेला बैठक हाय ना तुमची? तिचा हात थांबला होता. नळ वाहत होता.

मी म्हणालो, हो, आहे. मानवतला. दिवसभर आहे.

हात पुन्हा चालू झाला.

२ मार्च, रविवार, सकाळी ९.१५, परभणी स्टेशन
इस्त्रीचा शर्ट घालून, फाईल काखेत मारून निघालो. राजेश्रीने दशम्या बांधून दिल्या. प्लॅटफॉर्मच्या पार टोकाच्या बाकावर बसलोय. इथून सगळं दिसतं आणि कोणाला मी दिसत नाही.

सकाळी १०.४०
नांदेडकडची पॅसेंजर आली. ती उतरली. निळा ड्रेस. हातात हरभऱ्याची जुडी. मी पाण्याच्या टाकीच्या मागे गेलो. फोनवर आईला म्हणत होती, आले गं, ठेचा कर, आणि पप्पा गेले ना नक्की? मग हसली. तिला एवढ्या मोठ्याने हसताना पाडव्याच्या आधीही कधी ऐकलं, आठवत नाही. घरात हसते का अशी?

दुपारी १.३०
दशम्या खाल्ल्या. एक माणूस माझ्या दुखऱ्या अंगठ्यावर पाय देऊन गेला. म्हणालो, असू द्या. तोच दचकला.

दुपारी ४.२०
ती परत गाडीत बसली. खिडकीत. डबा मांडीवर. टाकीमागे उभा होतो. गाडी हलल्यावर बाहेर आलो. हात वर केला होता, पण ती दुसरीकडे बघत होती.

संध्याकाळी ६.३०, घरी
राजेश्रीने विचारलं, कशी झाली बैठक? चांगली झाली, म्हणालो. तिने विचारलं, काय वाचलं सगळ्यांनी? मी म्हणालो, प्रत्येकाने आपापलं वाचलं. पुढची सहा एप्रिलला आहे, हे पण सांगून टाकलं.

मे महिन्यात कॉलेजला सुट्ट्या असतात. तेव्हा बैठका दर रविवारी ठेवाव्यात, असा विचार आहे.