वाणातून गेलेल्या गोगलगाई

मांजलपूर, बडोदे
आषाढ वद्य, १९९६

ती. कमलावहिनींस जयवंताचा साष्टांग नमस्कार.

या पावसात तुमचे गुडघे कुरकुरत नाहीत ना? दादांचा खोकला कसा आहे? इकडे आम्ही सगळे मजेत (हे आपलं रीत म्हणून).

वहिनी, दिवाळीत उटीहून मी फर्नची कुंडी मांडीवर घेऊन आलो. गाडीत निरुपमा पिशव्यांवर बसली, पण फर्नला खिडकी दिली. संक्रांतीला ती म्हणाली, चहाच्या गाळण्या लुटू. मी म्हटलं, छे, वाण म्हणून फर्नची रोपं लुटू, सोसायटीची उटी करू! बायका खूश. आणि पाऊस पडल्याबरोबर घरोघर त्या रोपांच्या मातीतून गोगलगाई निघाल्या. आपल्याकडच्या नव्हेत, बोटभर लांब, काळ्या, बिनशंखाच्या. (शंख घरातच बसलाय, असं निरुपमा म्हणते.) कोणाच्या तुळशीला पान राहिलं नाही.

सोसायटीने सभा भरवली आणि झाडांतला जाणकार म्हणून निवारण समितीचा अध्यक्ष केला, तो मलाच. मी ऐटीत मीठ टाकायचा हुकूम सोडला, तर शेजारचे जैन कांतीभाई शाह हात जोडून उभे. “जयवंतभाई, चोमासामां जीव मारशो?” झालं! आता रोज सकाळी अध्यक्षमहाशय श्रीखंडाच्या डब्यात गोगलगाई वेचतात आणि स्कूटरवरून लांब माळावर सोडून येतात. पहिल्याच दिवशी झाकण सैल राहिलं. रावपुऱ्यातल्या ऑफिसात साहेबांनी स्वतः एक माझ्या कॉलरवरून उतरवली.

खरी पंचाईत पुढेच आहे. अलकापुरीचे दिनकरराव आपल्या कौमुदीला सपत्नीक बघून गेले. पोरगी पसंत आहे. तिलाही त्यांचा शुभंकर आवडलाय, दिवसभर गुणगुणत हिंडते. बघून मला भरून येतं हो. पण निघताना विहीणबाई म्हणाल्या, साखरपुड्याला मानपान काही नको, फक्त या फर्नची कुंडी द्या, आमची बाग नवीन आहे. नाही म्हणावं तर चिक्कू ठरतो. दिली आणि बाग गेली, तर माझ्या पोरीचा पायगुण काढतील! पाय गोगलगाईचा, तोही पोटाखालचा, आणि बोल मात्र कौमुदीला.

तुमचा,
जयवंत

ता.क. श्रावणात साखरपुड्याला याल तेव्हा नाशिकहून अगदी तसाच, पण निर्मळ फर्न आणा. कोणाला बोलू नका. मागच्या दाराने कुंड्यांची अदलाबदल मी बघतो.

पुन्हा ता.क. निरुपमा आत्ता आठवण देते, की संक्रांतीचं वाण आम्ही तुम्हालाही पाठवलं होतं. तेव्हा घरचा नको, विकतचा आणा. आणि अंगणात जरा खाली बघून चाला. तुमच्या शेजारी कांतीभाई नाहीत, मीठ खुशाल टाका.