वाळूतलं पाणी

मुक्काम धडगाव, गुरुवार

तीर्थरूप झुलालभाऊ यांना नथ्थूचा दंडवत. मी खुशाल आहे, काळजी नसावी.

साहेबाच्या सहा बैलगाड्यांबरोबर लिखापढीला म्हणून हिंडतो आहे. सोमवारचा अख्खा दिवस ओढे, डोह आणि नर्मदेची वाळू बघण्यात गेला. बघण्यासारखं कपाळ होतं तिथे. साहेब गोटे वेचत होता आणि मडम डोहात कुत्र्याला आंघोळ घालत होती. याला हे लोक सफर म्हणतात.

वाटाड्या रायसिंग त्यांच्याही वरताण. शेजारी नदी वाहते आणि हा वाळूत खड्डा उकरून झिरपलेलं पाणी भोपळ्याच्या तुंब्यात भरतो. मलाही देऊ लागला. त्या भिलाच्या हातचं मी पिणार होय? मी ऐटीत डोहाखालच्या धारेचं ओंजळ ओंजळ प्यालो.

तेव्हापासून पोट जरा बिघडलं आहे. आता फक्त रायसिंगचं पाणी पोटात टिकतं. देताना तो हसतसुद्धा नाही, याचाच जास्त संताप येतो.

गाय व्याली का? मायचे गुडघे कसे आहेत? तिला एवढंच सांगा की नथ्थूला पाणी चांगलं मिळतं. कोणाच्या हातचं, ते सांगू नका.

तुमचा धाकटा,
नथ्थू