ध चा थ

१४ ऑक्टोबर, रविवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या बायकोचा गुडघा आता जिने चढू देत असेल. माझा रक्तदाब गोळीला घाबरून आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू ‘बोल दादा’ म्हणतोस आणि मी हवामानावर बोलतो. तीस वर्षं आपण हवामानच बोलतोय. म्हणून म्हटलं, लिहावं.

मागच्या आठवड्यात डोंगरावरच्या त्या उद्यानात जाऊन आलो. हो, तेच. लेक दर वर्षी विचारायची, मी दर वर्षी पाठ दुखते म्हणायचो. या वेळी तिने विचारलंच नाही, सरळ गाडीत बसवलं. आपण पाट्या खांद्यावर घेऊन चढलो तो चिखलाचा रस्ता आता गुळगुळीत डांबरी झालाय. दर दोन वळणांना गाडी थांबवून दरी बघायला जागा केलीय. जावई एकही जागा सोडत नाही. प्रत्येक ठिकाणी उतरतो, तोच ढग टिपतो आणि ‘हा वेगळाय हं’ म्हणतो.

एका वळणावर पंधराएक हरणं रस्ता ओलांडत होती. सगळी गेली, शेवटचं एक मात्र मधोमध उभं राहून आमच्याकडे बघत बसलं. कचेरीतला कारकून अर्जाकडे बघतो ना, अगदी तसं. जावई हॉर्न वाजवायला गेला, लेकीने त्याच्या हातावर चापट मारली.

आपल्या पाट्या अजून उभ्या आहेत, धाकट्या! सगळ्या नाहीत, पण आहेत. एका पाटीवर अस्वलाने पाठ घासून घासून ‘सावकाश’मधला ‘साव’ पुसून टाकलाय. नुसता ‘काश’ उरलाय. पण तुझा ‘श’ काय टिकलाय! मी तिथे जरा जास्तच वेळ उभा राहिलो. लेक म्हणाली, “बाबा, अस्वल परत यायच्या आत चला.”

मग गाडी लावून आम्ही पायी निघालो. झाडीतून तासभर चढल्यावर दोन वाटा फुटतात. हवामान इथे संपवतो. तिथे एक मोठा माहितीफलक लावलाय. लेकीने तो मोठ्याने वाचला: ‘या वाटेचा शोध एका चुकीतून लागला. उद्यानाच्या पाट्या रंगवणाऱ्या दोघा भावांपैकी धाकट्याने इथला बाण उलटा काढला. त्यामुळे एक शिक्षिका व त्यांचे वडील वाट चुकले. त्यांना शोधणाऱ्या पथकाला पुढचे तळे सापडले. आज ही उद्यानातील सर्वांत आवडती वाट आहे.’

“चला, चुलतसासऱ्यांचं नाव झालं!” जावई म्हणाला.

“काका वाचून हसतील की रागावतील, बाबा?”

मी म्हटलं, “पुढे चला.”

त्या वडिलांचा पाय मोडला होता, ते फलकावर नाही. फलकावर जागा कमी असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

तळं सुंदर आहे. बदकं होती, काठावर एक बगळा एका पायावर उभा होता. मी खडकावर बसलो आणि मला काही दिसेना. कारण त्या फलकाखाली आपली मूळ पाटी आठवण म्हणून ठोकून ठेवलीय, आणि तिच्यावरच्या बाणाचं टोक एका बाजूने चेपलेलं आहे.

आता तुला कळलं असेल. तू बाण हाताने काढायचास. माझ्या पत्र्याच्या साच्याला तू ‘आळशाची गादी’ म्हणून चिडवायचास. त्या साच्याचं टोक चेपलेलं होतं. डावीकडचा बाण हवा असला की तो पालथा घालायचा, एवढंच काम. त्या दिवशी मी तो पालथा घातला नाही. तू टर्पेंटाइन आणायला खाली गेला होतास.

उद्यानाच्या साहेबांनी आपल्या दोघांना समोर उभं करून विचारलं, “बाण कोणी काढला?” तू स्वतःच्याच हातांकडे बघत होतास. मी म्हणालो, “बाण हाच काढतो.” टर्पेंटाइनचं सांगायचं राहिलं. राहिलं असं लिहितोय, पण राहिलं नव्हतं. मी सांगितलं नाही.

दहा दिवसांत त्रेचाळीस पाट्या, कोणाला काय आठवणार? तू मान्य केलंस. ब्रश ठेवलास आणि तुझ्यासारखा अक्षरं काढणारा माणूस दुकानात खिळे जोखत बसला. ती पाटी बघायला तू कधी वर गेला नाहीस. गेला असतास, तर एका नजरेत ओळखलं असतंस. तू जाऊ नयेस म्हणून मी किती देव पाण्यात ठेवले, ते मलाच माहीत.

उतरल्यावर फाटकाजवळच्या वनरक्षक बाईंकडे गेलो. म्हटलं, “बाई, तुमच्या फलकावर चूक आहे.”

“शुद्धलेखनाची? रोज एक तरी मास्तर सांगून जातात.”

“नाही. भाऊ चुकीचा लिहिलाय.”

लेक-जावयासमोरच सगळं सांगितलं. जावयाने पहिल्यांदाच कॅमेरा खाली ठेवला. बाईंनी थोडा विचार केला, आतून पांढऱ्या आणि हिरव्या रंगाचे डबे आणले आणि म्हणाल्या, “मग तुम्हीच दुरुस्त करा. रंगारीच ना तुम्ही?”

पुन्हा तासभर चढलो. पाठ दुखली नाही. ‘धाकट्याने’ पांढऱ्याने झाकलं, वाळू दिलं आणि त्या जागी ‘थोरल्याने’ लिहिलं. लोक ध चा मा करतात, मी ध चा थ केला. लिहिताना लेकीने माझं कोपर धरलं होतं. परतीच्या वाटेवर ती एवढंच म्हणाली, “काकांच्या आधी हे मला का कळलं, बाबा?” म्हणून हे पत्र.

वसंतात सगळ्या पाट्या नव्याने रंगवायच्या आहेत. बाईंनी अक्षरं काढणारा माणूस विचारलाय. मी म्हटलं, एक आहे, पण त्याला आधी माझ्यावर रागवायचं असेल. त्या म्हणाल्या, रागवून झाल्यावर पाठवा.

तुझा गोल ब्रश माझ्याकडे आहे. अजून धुऊन, केस सरळ करून ठेवतो. तो न्यायला ये, नाहीतर भांडायला ये. हवामानाचं मात्र काही विचारू नकोस. आणि फलकावरचा माझा ‘थ’ फार वाकडा आलाय, धाकट्या. तो तुझ्या हातानेच सरळ होईल.

आजवर सगळ्या पत्रांखाली ‘दादा’ लिहिलं. आज फलकावर आहे तेच लिहितो.

तुझा,
थोरला