वाकायचा प्रवेश

३ जाने. १९५६, जळगाव
वाचनालयाच्या नाटकात यंदा बाईचं काम बाईच करणार. म्हणजे मी. शिकवायला नाना. इतकी वर्षं साडी नेसून स्त्रीपार्ट तेच करत आले, त्यामुळे बाई कशी असते ते मी त्यांच्याकडून शिकते आहे! पदराचा बोळा तोंडात घालून रडायचं म्हणे. आमची अक्का तर रडतच नाही. दिवाळीत चोपड्याहून सासर सोडून आली, गाल काळानिळा, तेव्हाही नाही.

८ जाने., रवि.
तालीम. शेवटचा प्रवेश. नवरा थोबाडीत मारतो, मी त्याच्या पायांवर डोकं ठेवून म्हणायचं, चुकले. इथे हमखास टाळी, इति नाना. मी विचारलं, तिचं चुकलं काय? नानांनी चहा मागवला.

११ जाने.
आबांनी भाऊजींना, अक्काच्या नवऱ्याला, प्रयोगाला बोलावलंय. अक्कालाही नेणार. आईला सांगत होते, "धाकलीनं देखीसन हिले उमज पडी." म्हणजे माझं नाटक अक्काला परत धाडायला. नुसता संताप. जेवले नाही.

१५ जाने., रवि.
प्रयोग झाला. थोबाडीत बसली आणि मी वाकलेच नाही. विंगेतून नाना "चुकले, चुकले" सांगतायत, नवरा झालेले मास्तर पाय पुढे करून उभे. शेवटी पडदा टाकला. टाळी नाही. बायकांच्या बाजूला कुजबुज, ती कसली कोण जाणे. आबा भाऊजींना घेऊन पुढे निघून गेले.

१६ जाने.
सकाळीच नाना. रविवारी धुळ्याला प्रयोग. वाकणार असशील तर ये, नाहीतर साडी दे, मी नेसतो. नेसतीलही. साडी अक्काची, लग्नातली, तिच्या ट्रंकेत. मागोमाग भाऊजी, तीच ट्रंक चोपड्याला न्यायला. आबा ट्रंक ओढायला गेले तर अक्का तिच्यावर जाऊन बसली.

"धुयाले हाईच जाई," माझ्याकडे बोट करून म्हणाली. "मी देखसू, मंग सांगसू."

म्हणजे धुळ्याला मीच जायचं, आणि ते बघून मग ती चोपड्याचं सांगणार. भाऊजी हसले. नाना माझ्याकडे बघत राहिले, वाकणार का म्हणून. वाकले तर अक्का चोपड्याला. नाही वाकले तर नाना साडी नेसून वाकणार, तेही ती बघणारच.

दुपार झाली. दोघेही ओट्यावर बसून आहेत, एक साडीसाठी, एक ट्रंकेसाठी. अक्का उठलेली नाही.